आठशे नाशिक

डॉक्टरांनी मला सहा महिने बसून राहायला सांगितलं, आणि मला नेमकं तेच येत नव्हतं. बारा वर्षं मी आठशे मीटर पळत होते. जेवतानाही माझा पाय हलायचा, आई म्हणायची शिलाई मशीन सुरू झालं. हे लिहायला बसले तेव्हापासून तीनदा उठून गॅलरीत जाऊन आलेय. तरी लिहितेय, कारण ताप अंगावर काढून मैदानावर जाणारी पोरं मला अजून दिसतात आणि माझा जीव वरखाली होतो. आजाराची शास्त्रशुद्ध माहिती हवी असेल तर ती डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे फक्त माझी झालेली फजिती आहे.

ताप

जानेवारी होता. संघनिवड आठ दिवसांवर आली होती. मला तीन दिवस ताप येत होता आणि मी गोळी घेऊन पहाटे मैदानावर जात होते. थंडीमुळे सगळेच स्वेटर घालून यायचे, त्यामुळे माझी हुडहुडी त्यात खपून गेली.

आमच्यात दुखणं सांगत नाहीत. सरांना सांगितलं तर यादीतलं नाव हलतं, मैत्रिणीला सांगितलं तर ते दुपारपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात पोचतं. सर रोज सकाळी विचारायचे, "सगळं ठीक?" आणि रांगेतून उत्तर यायचं, "ठीक, सर." बारा वर्षांत या प्रश्नाला कुणी दुसरं उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही.

त्या दिवशी तिसऱ्या फेरीला वळणावर छातीवर कुणी गुडघा रोवून बसल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे काळोख आला म्हणून मी खाली बसले. सर लांब होते, घड्याळाकडे बघत होते. मी उठले आणि उरलेले दोनशे मीटर पुरे केले. त्या दिवशी मला याचा अभिमान वाटला होता, हे कबूल करायला आज लाज वाटते.

निदान

आमचं घर इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर आहे. त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर मला धाप लागली आणि मी पायरीवर टेकले. पप्पा कंपनीतून येत होते. त्यांनी काही न विचारता मला स्कूटरवर बसवलं आणि हॉस्पिटलात नेलं.

ईसीजी काढणाऱ्या मुलीने कागद दोनदा पाहिला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. मग डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, गेल्या आठवड्यात ताप आला होता का? मी सवयीने नाही म्हणाले. पप्पा शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "आला होता, मॅडम. हिच्या उशीखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं मला." म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि तेही गप्प राहिले होते. आमच्या घरात सगळ्यांनाच त्या संघनिवडीची घाई झाली होती.

तापाच्या विषाणूने हृदयाच्या स्नायूंना सूज आली होती. मी विचारलं, "पण आठ दिवसांनी पळू शकेन ना?" मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या की सहा महिने पळायचं तर नाहीच, जिनाही सावकाश चढायचा आणि बस सुटत असेल तर सुटू द्यायची. सुजलेल्या हृदयाला पळवलं तर ते एखाद्या दिवशी अचानक बंद पडतं, तुझ्या वयाच्या खेळाडूंचंही. पप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि ते चष्मा पुसत राहिले. मला मात्र त्या क्षणी एवढंच सुचलं की माझ्या जागी आता कोल्हापूरची आठशेवाली जाणार.

वॉर्ड

हॉस्पिटलचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. रक्त घ्यायला येतात, मग चहा, मग स्पंज, मग डॉक्टरांचा राऊंड आणि त्यानंतर काही म्हणजे काहीच नाही. छताला पंख्याची तीन पाती होती. अंगाला वायरी होत्या, त्यामुळे कुशीवर वळलं तरी मशीन ओरडायचं. चौथ्या दिवशी सूज थोडी उतरली आणि माझी नाडी आपल्या जुन्या, संथ चालीवर आली, तर पुन्हा मशीन ओरडलं. नर्स धावत आली. मी म्हटलं, सिस्टर, माझी नाडी अशीच आहे, खेळाडूंची असते. तिने डॉक्टरांना विचारून मशीनची मर्यादा खाली आणली आणि मला म्हणाली, "आता झोप, चॅम्पियन." त्या आठवड्यात मी रडले नव्हते, तेव्हा रडले.

शेजारच्या खाटेवर पंचवटीतल्या एक काकू होत्या. त्यांच्या सासरी गोदाघाटावरचं उपाध्येपण, यात्रेकरूंचे विधी करायचं. यात्रेकरू आला की त्याचं नाव, गाव, बरोबर कोण आलंय, घरात कोण आहे, हे सगळं वहीत लिहून ठेवायचं. पुढे त्याचा नातू आला तर त्याला आजोबांचं नाव काढून दाखवायचं. ही सवय काकूंना वॉर्डातही सुटत नव्हती. दोन दिवसांत त्यांना झाडणाऱ्या मावशींच्या माहेरपासून डॉक्टर मॅडमच्या सासरपर्यंत सगळं ठाऊक झालं. मला त्यांचा विलक्षण वैताग यायचा.

एकदा माझा फोन थरथरला आणि मी उचलला नाही. काकूंनी मान लांब करून पडद्यावर वाचलं, "गोळा सांगली." हे काय नाव झालं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सांगलीची गोळाफेकवाली मुलगी आहे.

"अगं, पण तिचं नाव?"

मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं आम्ही त्याच स्पर्धांना भेटत होतो, एका खोलीत गाद्या घालून झोपलो होतो. काकूंनी फोन हातात घेतला आणि यादी वर सरकवत गेल्या. भाला सातारा. हर्डल्स अमरावती. लांब उडी पुणे, चष्मा. आठशे कोल्हापूर, धोका. तीनशेच्या वर माणसं, आणि नाव जवळजवळ एकाचंही नाही. मैदानावर आम्ही एकमेकांना असंच ओळखतो. नाव कळलं की ओळख होते, आणि ओळख झाली की शेवटच्या शंभर मीटरला पाय मागे ओढला जातो, असं आम्हाला शिकवलेलं. काकूंनी फोन परत दिला.

"आमच्याकडे माणूस एकदा घाटावर आला तरी त्याचा पणजोबा लिहून ठेवतात," त्या म्हणाल्या. "आणि तू बारा वर्षं काय केलंस मग?"

मी पळाले, असं म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

उजवा की डावा

घरी आल्यावर आईने ठरवलं की कुणाला हृदयाचं सांगायचं नाही. मी एकोणतीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. लासलगावच्या आत्याने नुकतंच एक स्थळ आणलं होतं. "गुडघा म्हण," आई म्हणाली. "गुडघ्याला कुणी नावं ठेवत नाय. हृदयाचं ऐकलं की लोक पोरीचं तोंडपण बघायचे नाय."

मला राग यायला हवा होता. उलट सुटल्यासारखं वाटलं. गुडघा बरा होतो. गुडघा म्हटलं की मी अजून खेळाडूच होते.

सर एकदा भेटायला आले, द्राक्षं घेऊन. कोणता गुडघा, त्यांनी विचारलं. आई उजवा म्हणाली आणि मी डावा म्हणाले. सरांनी दोघींकडे पाहिलं, चहा संपवला आणि बरी झालीस की ये म्हणून निघून गेले. खाली त्यांची नवी पोरं गाडीत बसलेली होती.

ते दिवस फार वाईट गेले. गॅलरी अकरा पावलांची आहे, मी ती दिवसातून कितीदा मोजली ते विचारू नका. आईवर ओरडले, पप्पांशी दोन दिवस बोलले नाही. एकदा रागाने चमचा फेकला. तो परत उचलायला वाकले आणि छाती धडधडली, तर घाबरून जमिनीवरच बसून राहिले. भीती ही अशी असते. ती मोठ्या प्रसंगाला येत नाही, चमचा उचलताना येते.

तीन महिन्यांनी एमआरआय झाला. सूज गेली होती, पण हृदयावर एक व्रण राहिला होता. मॅडम म्हणाल्या, चालायला हरकत नाही, पुढे हळूहळू जॉगिंगचंही बघू, पण स्पर्धा कायमच्या बंद. मी तिथे समजूतदारपणे मान हलवली. रिक्षात बसल्यावर मात्र हमसून हमसून रडले. रिक्षावाल्या दादांनी गाणं बंद केलं आणि खड्डे चुकवत गाडी हळू घेतली. त्यांचंही नाव मी विचारलं नाही.

यादी

ज्या खात्याच्या संघाकडून मी पळायचे त्यांचा करार हंगामाबरोबर संपला. बी.ए.ची पदवी होती, पण नोकरीच्या अर्जात लिहायला माझ्याकडे फक्त वेळा होत्या. दोन मिनिटं सात सेकंद. एका ऑफिसातल्या बाईंनी मला विचारलं, हे चांगलं आहे का? मी हो म्हणाले. त्यांनी पुढचा अर्ज उचलला.

तेव्हा काकूंचं बोलणं डोक्यात फिरायला लागलं. मी शाळेची एक जुनी वही घेतली आणि फोनमधल्या यादीला सुरुवातीपासून हात घातला. "हॅलो, मी नाशिकची, आठशेवाली. तुमचं नाव काय?" पहिल्या तिघांनी फोन ठेवून दिला. फोन करून नाव विचारणारा माणूस बँक खातं साफ करतो, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मग मी आधी स्पर्धेची आठवण सांगायला लागले, कुठल्या गावी झोपलो होतो, जेवणात काय खराब होतं. मग लोक खुलले. हर्डल्स अमरावती खूप वेळ हसत राहिली. "माझ्याकडेही तू आठशे नाशिकच आहेस," ती म्हणाली. मी माझं नाव सांगितलं, वैशाली. तिने तिचं सांगितलं, आणि आम्ही दोघी थोड्या लाजलो.

रोज चार-पाच फोन व्हायचे. नाव, गाव, आता काय करतो, घरी कोण आहे, असं सगळं वहीत लिहायचे. कुणी पोलिसात, कुणी रेल्वेत. भाला सातारा रोपवाटिका चालवत होता. एक जण चार वर्षं घरात बसून होता. त्याला फोन करणारी मी पहिलीच होते. माणसं बोलायला तयार होती, मलाच विचारायचं सुचलं नव्हतं.

पण फोनच्या शेवटी सगळे विचारायचे, तुझं काय? मी म्हणायचे, गुडघा. मग गुडघ्याचे उपाय सुरू व्हायचे, तेल, पट्टा, एक वैद्य. कामही सुचवायचे. आमच्या अकादमीत ये, पोरांबरोबर पळायला कुणीतरी हवं. आमच्या कंपनीच्या संघात ये, फिट झालीस की. सगळी कामं गुडघा बरा झाल्यानंतरची होती. माझ्याच खोट्याने माझी वाट अडवली होती, आणि हे कळूनही मी पुढच्या फोनला पुन्हा गुडघाच म्हणत होते.

रेश्मा

गोळा सांगलीला मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, तिचा हॉस्पिटलातला फोन उचलला नव्हता म्हणून. तिने एका रिंगला उचललं. तिचं नाव रेश्मा. ती एका शाळेत खेळाची शिक्षिका होती, आणि ती शाळा नाशिकमध्ये होती. राहायलाही इंदिरानगरला, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, गेली तीन वर्षं.

संध्याकाळी ती गुडघ्याचा पट्टा घेऊन घरी आली. तिची स्वतःची दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. तिने मला पलंगावर बसवलं, पाय सरळ केला, वाटी दाबून पाहिली, पाय वाकवला आणि मग दुसरा तपासला.

"वैशाली, हे दोन्ही गुडघे एकदम ठणठणीत हायत," ती म्हणाली. "तुला खरं काय झालंय?"

आई चहा घेऊन दारात उभी होती. मी आईकडे पाहिलं नाही आणि सगळं सांगून टाकलं. ताप, व्रण, स्पर्धा बंद. घराबाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदा सांगत होते. मला वाटलं ती हळहळेल. तिने फोन काढला आणि मला तीन वर्षांपूर्वीचा एक मेसेज दाखवला. तिने लिहिलं होतं, नाशिकमध्ये नवीन आहे, कुणाला ओळखत नाही, भेटू या का? खाली माझं उत्तर होतं. स्पर्धा आहेत, नंतर.

"ऑपरेशन झाल्यावर आले होते मी इथं," ती म्हणाली. "लय एकटं वाटायचं तेव्हा. म्हणून तू हॉस्पिटलात हायस कळलं तेव्हा फोन केला."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली चहा गार होतोय.

कामाचं बोलणं

शहरात शर्यती भरवणाऱ्या एका गृहस्थांकडे रेश्मा रविवारी मदतीला जायची. तिने त्यांना माझं नाव सांगितलं. भेटायला जायच्या सकाळी आईने पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "तिथं तरी गुडघाच सांग गं. आधी काम तर लागू दे." मी चपला घालून निघाले.

त्यांचं ऑफिस गंगापूर रोडला. सगळीकडे टी-शर्टांचे गठ्ठे होते. त्यांनी माझ्या वेळा पाहिल्या, त्यांना त्या कळत होत्या. गुडघ्याची बातमी त्यांच्याही कानावर आली होती. खूश होऊन म्हणाले, गुडघा बरा झाला की आमच्या हौशी लोकांच्या गटाला पळवायला या, दोन महिने थांबू आम्ही. फक्त मान हलवायची होती. पाय टेबलाखाली सुटला होता, तो मी हाताने दाबून धरला.

"गुडघा नाही," मी म्हणाले. "हृदयाला सूज आली होती, ताप असताना पळाले म्हणून. मी आता कुणाला पळवू शकत नाही, आणि दोन महिन्यांनीही शकणार नाही."

ते कळवतो म्हणाले. घरी येताना रेश्मा गाडी चालवत होती आणि मी मागे बसून स्वतःला शिव्या घालत होते.

आठ दिवस फोन आला नाही. गॅलरीची अकरा पावलं पुन्हा सुरू झाली. आई एका शब्दाने टाकून बोलली नाही, ते जास्त लागलं. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. ते म्हणाले, आमच्या फॉर्मवर प्रश्न असतो, ताप आला होता का, छातीत दुखतं का. सगळे नाही लिहितात. छातीला लावायचे नंबर वाटतात त्या टेबलावर तुम्ही बसाल का? खोटं कोण बोलतंय ते तुम्हाला कळेल.

टेबल

हे गेल्याच महिन्यातलं आहे. शर्यत रविवारी होती आणि शनिवारी दुपारी एका हॉलमध्ये नंबर वाटत होते. माझ्या टेबलाला वैद्यकीय तपासणी असं नाव दिलं होतं, तिथे बसलो होतो मी आणि एक डॉक्टर. काही कळलं नाही तर डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढंच माझं काम. लोक वैतागत होते. एक काका म्हणाले, मॅडम, पळायला आलोय, लग्नाला नाही.

चारच्या सुमाराला एक मुलगी आली. अठरा-एकोणीस वर्षांची, पायातले बूट झिजलेले, चाल आठशेवालीची. मी विचारलं, गेल्या आठवड्यात ताप, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ती नाही म्हणाली. हौशी माणूस या प्रश्नावर थांबतो, आठवतो. उत्तर तयार ठेवून येतात ते आमच्यातले. मी तिचा फॉर्म उलटा ठेवला आणि तिला बसायला सांगितलं. नाव विचारलं. यमुना. गाव पेठकडचं, घरी आई आणि दोन भाऊ. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला तर ताप होता.

तिने माझा हात धरला. "मॅडम, नंबर द्या ना. ही शर्यत बघून परवाच्याला यादी लागणार हाय. सर काढून टाकतील."

मी तिच्या सरांचं नाव विचारलं. ते माझेच सर होते.

मी फोन लावला. सहा महिने आमचं बोलणं नव्हतं. त्यांनी आधी विचारलं, गुडघा कसा आहे. मी म्हटलं, "सर, गुडघा कधी नव्हताच. माझ्या हृदयाला सूज आली होती. त्या सकाळी वळणावर बसले तेव्हा अंगात ताप होता. यमुना इथे माझ्यासमोर आहे, तिलाही ताप आहे. मी तिला नंबर देत नाही."

पलीकडे मैदानावरची शिट्टी ऐकू येत होती. सरांनी ती थांबवायला सांगितली. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस तू?"

"तुम्ही यादीतून काढाल म्हणून."

"काढलंच असतं," ते म्हणाले. कागद उलटल्याचा आवाज आला. "हिला नाही काढत. बरी होऊन ये म्हणावं, नाव राहील तिचं."

मी यमुनाला तसं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडे, फोनकडे, उलट्या ठेवलेल्या फॉर्मकडे बघायला लागली. मागे रांग वाढत होती. मी फोन स्पीकरवर टाकला, तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "सर, तिला पुन्हा एकदा सांगा."